विमानात कोणी कोणाला धरलं

माझं उजवं मनगट विमानात मोडलं असं सांगितलं की समोरचा माणूस आधी विचारतो, "म्हणजे विमान पडलं?" नाही, पडलं नाही. मुंबईला व्यवस्थित उतरलं, फारसा उशीरही झाला नाही. "मग मोडलं कसं?" इथपर्यंत मला सगळं नीट सांगता येतं. इथून पुढे माझी गाडी अडते.

मी ठाण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. नवरा डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीतून रिटायर झालाय. पूर्वी आम्ही डोंबिवलीतच राहायचो. मुलगा नोकरीला लागला तेव्हा घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये आलो, आणि मग मुलगाच बदली होऊन दिल्लीला गेला. मे महिन्याच्या सुट्टीत त्याच्याकडे राहून आम्ही परत येत होतो. दुपारचं विमान होतं. नवरा खिडकीशी, मधली सीट रिकामी, आणि मी वाटेच्या कडेला. मधल्या सीटवर माझी पर्स आणि नवऱ्याचा पेपर.

त्या विमानात आमच्या घोडबंदरला लागून असलेल्या कोलशेतकडची बरीच मंडळी होती. बद्री-केदार करून निघालेली. बायकांनी लुगड्यांवर स्वेटर चढवलेले, पुरुषांच्या डोक्यावर अजून माकडटोप्या. कॉम्प्युटरने त्यांना कुठे कुठे विखरून बसवलं होतं, त्यामुळे पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत हाका चालल्या होत्या. माझ्या पुढच्याच रांगेत, वाटेच्या पलीकडे, एक सत्तरीच्या पुढच्या बाई बसल्या होत्या. अंगात जांभळा स्वेटर. विमान वर गेल्यावर त्यांनी मान वळवून मला विचारलं, "बाय, तू कंची?"

"घोडबंदर रोडला राहते मावशी."

"मंग आपन एकाच गावची," असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली. त्यांची सून माझ्याही मागे दोन-तीन रांगा सोडून बसली होती. तिला द्यायला म्हणून आणखी थोडी साखर त्यांनी माझ्याकडे दिली आणि मी ती मागे पाठवली. आमची ओळख ती एवढीच.

कॉफीची गाडी येऊन गेली. त्यानंतर थोड्या वेळाने विमान थरथरायला लागलं आणि डोक्यावरचे पट्ट्याचे दिवे लागले. पायलट आधी इंग्रजीत आणि मग हिंदीत बोलला की हवा खराब आहे, सगळ्यांनी बसून राहा. हे मला पक्कं आठवतं. त्याआधी मी पायाशी ठेवलेल्या पिशवीतून ॲसिडिटीची गोळी काढायला पट्टा सोडला होता, हेही आठवतं. गोळी काढून घेतल्यावर तो पुन्हा लावला का, ते आठवत नाही.

मावशी उठून उभ्या राहिल्या. एअर होस्टेस मागच्या बाजूला स्वतःच्या खुर्चीत पट्टा लावून बसली होती, ती तिथून ओरडली, "माताजी, बैठ जाइए." मावशींना सुनेकडे जायचं होतं. त्या माझ्या सीटशी आल्या. आणि विमान खाली गेलं.

धक्का बसला असं लोक म्हणतात, पण तो धक्का नव्हता. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून आपण पाय टाकतो आणि पायरी नसते, तसं ते होतं, फक्त ते संपतच नव्हतं. मला दिसलेल्या गोष्टी सुट्या सुट्या आहेत. नवऱ्याचा पेपर छताला चिकटून उघडा झालेला. कोणाच्या तरी कॉफीचे तपकिरी थेंब, खाली न पडता तसेच तरंगणारे. एक चप्पल. जांभळा स्वेटर अगदी नाकाशी, त्याला कापराचा वास. मग मी वाटेतल्या जमिनीवर होते, गाल सतरंजीसारख्या खरखरीत कार्पेटवर, आणि मावशी माझ्या अंगावर अर्ध्या आडव्या. त्यांच्या डोक्यातून रक्त येत होतं. आमचे हात एकमेकींच्या हातात होते, घट्ट. एअर होस्टेसला ती बोटं सोडवावी लागली. ती स्वतः लंगडत होती, आमच्याकडे धावताना तिच्याही गुडघ्याला मार बसला होता, तरी ती बर्फाच्या पिशव्या घेऊन फिरत होती.

हात हातात होते यावर सगळ्यांचं एकमत आहे. ते तसे कसे आले, हा प्रश्न आहे.

एअर होस्टेसने मला नाव विचारलं. मी माहेरचं नाव सांगितलं. कुठे राहता विचारलं, तर डोंबिवलीचा जुना पत्ता सांगितला, बिल्डिंग आणि मजल्यासकट. हाताकडे बघून नवरा घाबरला नव्हता, पण हे ऐकून घाबरला. "अगं, डोंबिवली सोडून किती वर्षं झाली," असं तो मला समजावत होता आणि मला कळत नव्हतं की हा असं का बोलतोय. मग मला उलटी झाली.

मुंबईला उतरल्यावर बाकीच्यांना बसवून ठेवलं आणि आम्हा लागलेल्यांना आधी उतरवलं. चाकाच्या खुर्च्या, विमानतळावरचा डॉक्टर, मग ॲम्ब्युलन्स. मावशींना दुसऱ्या ॲम्ब्युलन्समध्ये नेलं. जाताना त्यांनी माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं, ते सायरनमध्ये ऐकू आलं नाही. हॉस्पिटलमध्ये डोक्याचा फोटो काढला, तो ठीक निघाला. डोक्याला मुका मार आहे, काही दिवस गोंधळल्यासारखं होईल, काही गोष्टी आठवणार नाहीत, काही उशिरा आठवतील, असं डॉक्टर म्हणाले. हात प्लास्टरमध्ये घालून आम्हाला घरी पाठवलं.

ते दिवस विचित्र होते. मी गॅस चालू करायचे आणि कशासाठी केला ते विसरायचे. लिफ्टमध्ये शिरलं की पोटात तोच खड्डा पडायचा, म्हणून मी खाली उतरणंच बंद केलं. खिडकीतून खाली घोडबंदरला गाड्यांच्या रांगा उभ्या असायच्या, त्या बघत बसायचं. उभ्या गाड्या बघून बरं वाटायचं.

मग एका रविवारी सकाळी वॉचमनने इंटरकॉमवर विचारलं, "मॅडम, कोलशेतवरून बरेच लोक आलेत. सोडू का?"

मावशी होत्या. डोक्याला पट्टी, त्यावरून पदर. बरोबर मुलगा, सून, दोन पुतणे आणि त्यांच्या बायका. ही सून म्हणजे विमानातलीच. आमचा पत्ता त्यांनी सोसायट्यांमध्ये विचारत विचारत काढला होता. मुलगा धिप्पाड, गळ्यात जाड चेन, बाहेर मोठी गाडी लावून आलेला. तो दारातच हात जोडून उभा राहिला.

"मॅडम, आमची म्हातारी तुमच्यामुळे आहे."

मला काही समजेना. सगळे हॉलमध्ये बसले. सुनेने स्टीलचे डबे आणले होते, कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. मावशी माझ्या शेजारी सोफ्यावर बसल्या, प्लास्टरवर हात ठेवला आणि सगळ्यांकडे बघत सांगायला लागल्या. बरोबर आलेल्या सगळ्यांनी ते आधी ऐकलेलं असणार, पण सगळे पहिल्यांदा ऐकावं तसे ऐकत होते.

"मी वर गेले ना, छपराला डोका आपटला माजा. मना वाटला, झाला, आता विमानान मरतं मी. तं हिनी माजा हात धरला. बसल्या जागी धरला न् मना खाली खेचला. हात मोडला हिचा, पन सोरला नाय."

"मावशी, मला काही आठवत नाही," मी म्हटलं.

"मना आठवतं ना," त्या म्हणाल्या.

मावशींच्या मुलाने माझ्या नवऱ्याकडे बघितलं. "साहेब, तुम्ही तर बाजूलाच होता."

"मी डोळे मिटलेले," नवरा म्हणाला. "खरं सांगतो. विमान खाली गेलं तसे मी डोळे गच्च मिटले ते ही जमिनीवर दिसेपर्यंत."

तेव्हा तो असंच म्हणाला होता. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

चहा करायला मी उठले तर सून माझ्या मागे आत आली. "ताई, तुम्ही नका करू, एका हाताने कसं जमणार," म्हणत तिने पातेलं ठेवलं. आलं किसलं. बाहेर मोठ्याने गप्पा चालल्या होत्या. मग ती हळू आवाजात म्हणाली, "एक बोलू का? आईंना सांगू नका."

"बोल ना."

"तुम्ही आईंना नाय धरलं. आईंनी तुम्हाला धरलेलं. मी पाठून बघत होते. पहिल्या तुम्ही वर गेलेल्या, सीटमधून अशा उचलल्यासारख्या. तुमचा पट्टा लावलेला नव्हता ताई. आई वाटेत उभ्या होत्या, त्यांनी एका हाताने सीट पकडलेली, दुसऱ्याने तुमचा हात पकडला. मग अजून एकदा खाली गेलं, तेव्हा त्यांची सीट सुटली आणि त्यांचं डोकं आपटलं. मग दोघी पडल्या."

"मग त्या असं का सांगतात?"

"त्यांना तसंच वाटतं. डोक्याला लागल्यापासून आई थोडं हे विसरतात, ते विसरतात. डॉक्टर बोलले, टेन्शन देऊ नका." चहा वर आला. तिने गॅस बारीक केला. "साखर किती टाकू?"

ते सगळे गेल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "अहो, माझा पट्टा लावलेला होता का?"

"लावलेला असणार. दिवे लागले तेव्हा मी क्लिक आवाज ऐकला."

"तो तुमच्या पट्ट्याचा असेल."

त्याने विचार केला. "असेल," तो म्हणाला.

त्यानंतर माझं डोकं त्याच एका गोष्टीभोवती फिरायला लागलं. मावशींच्या म्हणण्याप्रमाणे मी एका माणसाचा जीव वाचवला. सुनेच्या म्हणण्याप्रमाणे, डोक्याला टाके पडले त्या बाईने माझा जीव वाचवला आणि मी बसल्या जागी तिचे आभार स्वीकारले, वर तिच्या घरची कोलंबी खाल्ली. या दोन्हींत केवढा फरक आहे. आणि मला आतून कुठलंच खरं वाटत नव्हतं, कुठलंच खोटंही वाटत नव्हतं.

मी पुरावे शोधायला लागले. प्लास्टरच्या वर, कोपराच्या खाली, मला निळे डाग पडले होते, बोटांसारखे. म्हणजे मला कोणीतरी धरलं होतं. पण तसे ते उचलतानाही पडले असतील. मावशींच्या हातावर डाग होते का, हे बघायला हवं होतं, पण त्या आल्या तेव्हा मला ते सुचलं नाही, आणि आता ते गेले असतील. मग मी डाव्या हाताने चित्र काढायचा प्रयत्न केला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे विमानातली मधली वाट काढली, सीटा काढल्या, नवरा काढला डोळे मिटलेला. चित्र काढताना हात आपोआप काहीतरी सांगतो असा माझा अनुभव आहे, मुलांनाही मी तसं शिकवते. पण डावा हात नवशिका होता. एका चित्रात माझ्या कमरेला पट्टा आला, दुसऱ्यात नाही आला. तिसऱ्या चित्रात मी स्वतःला वरून काढलं होतं, माझा भांग दिसत होता. आता मला माझा भांग वरून कसा दिसेल? पण डोळे मिटले की मला तसंच दिसत होतं, खाली मी, माझा भांग, आणि वरून येणारा जांभळा स्वेटर. नवऱ्याने ती चित्रं पाहिली आणि कॅलेंडर वरच्या माळ्यावर टाकून दिलं.

"तुला काय करायचंय नक्की?" त्याने विचारलं. "दोघी जिवंत आहात."

"मला माहीत करून घ्यायचंय."

"आणि कळलं की काय करणार?"



प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात मी कोलशेतला गेले. मनाशी ठरवून गेले होते की मावशींना सांगायचं, तुम्ही मला धरलंत, आभार मी तुमचे मानायला हवेत. सुनेने सांगू नको म्हटलं होतं हे माझ्या लक्षात होतं. पण मला वाटलं, चांगलीच तर गोष्ट सांगतोय आपण, त्यात कसलं टेन्शन.

त्यांचं घर खाडीच्या बाजूला आहे, दोन टॉवरच्या मधे दुमजली बंगला, पुढे मोठी पडवी. पडवीत झोपाळा. मावशी झोपाळ्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. शेजारच्या दोघी-तिघींना हाक मारून त्यांनी बोलावून घेतलं, "ही बगा, हीच ती." त्या बायकांनी मला खालून वर बघितलं. एकीने माझ्या सुजलेल्या मनगटाला हळूच हात लावला.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, मला वाटतं आपला काहीतरी गोंधळ होतोय. मी तुम्हाला नाही धरलं. तुम्ही मला धरलंत. माझा पट्टा सुटलेला होता, मी वर फेकली गेले आणि तुम्ही मला पकडलंत. डोक्याला लागलं ते त्याच्यामुळे."

त्यांचे हात थांबले. "कोन बोलला?"

मी सुनेचं नाव घेतलं नाही. "मला आठवायला लागलंय," असं म्हणाले. खरं तर आठवत नव्हतंच.

मला वाटलं होतं त्या हसतील, किंवा माझं म्हणणं उडवून लावतील. त्यातलं काही झालं नाही. त्यांचा चेहरा बारीक झाला.

"मंग मना आठवतं ते काय?" त्या म्हणाल्या. "मना तं सगला दिसतं. तुजा हात दिसतं. हातान बांगरी व्हती, हिरवी. ती बी दिसतं."

मी त्या दिवशी बांगड्या घातल्या होत्या का? विमानाने जाताना मी काढून ठेवते, तपासणीच्या दारात वाजतात म्हणून. पण काचेच्या बांगड्या वाजत नाहीत.

"परवा गॅसवर दूध ठेवला न् मी भायेर आले," त्या म्हणाल्या. "नातीचा नाव नाय आला तोंडान. डोका बिघरला काय माजा?" त्यांनी आत तोंड करून सुनेला हाक मारली. ती हात पुसत बाहेर आली. "तू व्हतीस ना मांगे? तू सांग. हिनी मना धरला का मी हिला?"

सून माझ्याकडे बघत नव्हती. "आई, मी पाठी होते. मला काय दिसणार? तुम्ही सांगता तेच खरं."

"मंग ही असा का बोलतं?"

"ताईंच्या पण डोक्याला लागलेलं ना. होतं असं."

मी तिच्याकडे बघत राहिले. आमच्या स्वयंपाकघरात, आलं किसता किसता, हिनेच मला सांगितलं होतं. की नव्हतं? त्या दिवसांत मी डोंबिवलीत राहते असं समजत होते. गॅस कशाला लावला ते विसरत होते. एक क्षण मला खरोखर वाटलं की ते बोलणं झालंच नसावं, मीच ते कुठून तरी रचलं असावं. मावशी माझ्याकडे बघत होत्या, लहान मूल आईच्या तोंडाकडे बघतं तशा. मी जे म्हणेन त्यावर त्यांचं काहीतरी अवलंबून होतं.

"माझाच गोंधळ झाला असेल मावशी," मी म्हटलं. "तुम्हाला आठवतंय तसंच असेल."

त्यांनी श्वास सोडला आणि शेंगा पुन्हा हातात घेतल्या. "मना वाटलाच," त्या म्हणाल्या.

सून मला रिक्षापर्यंत सोडायला आली. वाटेत ती काही बोलेल म्हणून मी हळू चालले. रिक्षा थांबली तेव्हा ती म्हणाली, "ताई, त्याला माजिवड्यावरून नका नेऊ देऊ. तिकडे आत्ता जाम असणार." बस्स. मी मान हलवली. रिक्षा निघाल्यावर मागे वळून बघितलं तर ती अजून तिथेच उभी होती.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मावशींच्या पुतण्याच्या मुलाची हळद होती आणि आम्हाला आग्रहाचं बोलावणं आलं. मी नको म्हणत होते, नवराच म्हणाला जाऊया. मोठा मांडव, डीजे, जेवणाच्या पंगतींवर पंगती. आम्हाला पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. माझी ओळख करून देताना प्रत्येक जण गोष्ट थोडी वेगळी सांगत होता. एकाच्या तोंडी विमान समुद्रावर होतं. एकाच्या तोंडी दार उघडं पडलं होतं आणि मी मावशींना दारातून आत ओढलं होतं. मी हसून हात जोडत होते. मग मी पाणी आणायला गेले आणि परत आले तर नवऱ्याभोवती सात-आठ माणसं जमली होती आणि तो हातवारे करून सांगत होता.

"हिने असा हात पुढे केला," तो सांगत होता, "आणि बरोबर मनगट पकडलं. मी बघतोय. मी म्हटलं सोड, तुझा हात जाईल. ऐकलं नाही."

मी खांबाआड थांबून त्याचं पूर्ण होऊ दिलं. घरी येताना गाडीत मी विचारलं, "तुम्ही तर डोळे मिटलेले."

"हो, मिटलेले."

"मग?"

त्याने समोरच्या ट्रकला हॉर्न दिला. "आता इतक्यांदा ऐकलंय की मला दिसतं," तो म्हणाला. तो मला फसवत नव्हता. तोही गोंधळला होता, माझ्याइतकाच, फक्त त्याला त्याचा त्रास होत नव्हता.

मावशींना तेव्हापासून अधूनमधून चक्कर यायची. शेवटी मुलाने माजिवड्याच्या एका हॉस्पिटलमध्ये मोठ्या डॉक्टरची वेळ घेतली. सकाळी सुनेचा फोन आला, "ताई, आई तुमच्याशिवाय यायला तयार नाहीत." मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गेले. तोपर्यंत कुठे जायचं तर जिन्यानेच जात होते, त्या दिवशी लिफ्टने खाली उतरले.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने विचारलं, "आजी, डोक्याला नक्की कसं लागलं होतं? सविस्तर सांगा."

मावशींनी माझ्याकडे बोट केलं. "हिला इचारा. ही व्हती."

सून माझ्याकडे बघायला लागली. डॉक्टरही. मी म्हटलं, "विमान एकदम खाली गेलं. या उभ्या होत्या. यांच्या डोक्याला लागलं. मग आम्ही दोघी जमिनीवर पडलो. माझा हात मोडला."

"बेशुद्ध झाल्या होत्या का?"

"ते मला माहीत नाही."

"तुम्ही जवळ होता ना?"

"जवळ होते," मी म्हटलं. "पण माहीत नाही."

डॉक्टरला तेवढं चाललं. तिने मावशींना आडवं करून मान इकडे-तिकडे फिरवली, डोळ्यांत बघितलं, आणि सांगितलं की आत कानाशी तोल सांभाळणारा भाग हललाय, काळजीचं कारण नाही, व्यायाम सांगते तो रोज करा. विसरण्याबद्दल म्हणाली की त्यातलं थोडं माराचं आणि थोडं वयाचं, बघत राहू. मावशींना यातलं फक्त काळजी नाही एवढं ऐकू आलं. बाहेर येऊन त्यांनी आम्हाला दोघींना उसाचा रस पाजला.

चक्कर आता बरीच कमी झाली आहे. माझं मनगट पूर्ण वळत नाही, फळ्यावर मोठं वर्तुळ काढताना एका बाजूला चपटं येतं, मुलं ते पुसून नीट करतात. आमचा मुलगा दिवाळीला दिल्लीला बोलावतोय आणि विमानाने जायचं की ट्रेनने यावर आमचं अजून ठरत नाही.

सुनेशी त्या स्वयंपाकघरातल्या बोलण्याचा विषय मी पुन्हा काढला नाही. तिनेही नाही. कधी कधी भेटल्यावर ती माझ्याकडे असं बघते की वाटतं, आता बोलेल. मग ती भाकऱ्या बांधून देते.

मध्यंतरी मावशी म्हणाल्या की त्यांना काशीला जायचंय, विमानानेच, आणि बरोबर मी हवी. "तू असलीस तं मना भ्याव नाय," त्या म्हणाल्या. मी तेव्हा हसले होते. हो म्हटलं की नाही म्हटलं, हे मला आता नक्की आठवत नाही. पण काल सुनेचा मेसेज आला, तिकिटांसाठी तिला माझ्या आधार कार्डाचा फोटो हवाय.